तिकीटखिडकीतून ऐकलेलं

ओहोटी इतकी, की फेरीबोटीची फळी धक्क्याला टेकेना.
अर्धा तास थांबा, म्हटलं मी, आणि गल्ला लावून घेतला.
तिघं गाडीतून उतरून कठड्याला रेलले,
डिसेंबरात येतात तसे. जाड तळव्यांचे बूट,
दोन-दोन फोन, एक तिकडचा, एक इकडचा.

लीड्सचा सुधन्वा जालगावकर म्हणत होता,
आजारपण ही सरकारची जबाबदारी. संपलं.
पोरीच्या हृदयाचं भोक बुजवलं त्यांनी,
बिल नावाचा कागद मी डोळ्यांनी पाहिला नाही.
आणि गुडघा? ह्यूस्टनच्या चुलतभावानं विचारलं,
गुडघ्याला तारीख कधीची दिलीय?
पुढच्या सप्टेंबरची.
म्हणून रत्नागिरीला एमआरआय काढायला चाललायस.
आणि तू? दाढ भरायला अर्धी पृथ्वी ओलांडलीस?

फुकट दिलं की माणूस माजतो, तो म्हणाला,
गालावरचा हात न काढता.
शेजाऱ्याच्या सिगरेटींचे पैसे मी का भरू?
मग जरा खालच्या आवाजात:
बायकोच्या बाळंतपणाचे हप्ते चालू आहेत अजून.
मुलगा तिसरीत गेला.

हमी पाहिजे, हमी! सुधन्वानं कठड्यावर थाप मारली.
पाटीवर बसलेली येशी दचकली. तिला कमी ऐकू येतं.
आमी? आमी कशाला, बाबा?
आमी फकस्त सुके बोंबील इकतो.

अश्फाक मुकादम हसला नाही.
त्याला मी ओळखते. सोमवार, बुधवार, शनिवार, पहिली फेरी,
डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढलेली.
पाण्याची बाटली हातात, भरलेली. घोट मोजून प्यायचे असतात त्याला.
कुवेतला सव्वीस वर्षं होतो, म्हणाला.
कार्ड दाखवायचं, दोन दिनार ठेवायचे, डॉक्टर तपासायचा.
मग किडन्या गेल्या. कफीलनं अकामा थांबवला.
कार्ड तेच, फोटो तोच,
मशीन म्हणालं, ओळख पटत नाही.

थोडा वेळ नुसती पाण्याची चुळबुळ.
मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही,
की माझं पित्ताशय पिवळ्या कार्डावर निघालं, चिपळुणात,
एक पैसा न देता,
आणि तरी माझ्या बांगड्या गेल्या.

मग टेम्पो आला, उलटा, हॉर्न दाबत.
मागे बर्फाच्या खोक्यांवर एक खलाशी पोर,
उजव्या हाताला टॉवेल, टॉवेल राहिलाय कुठे,
सगळा लालच. जाळं ओढायच्या विंचमध्ये तीन बोटं.
धनबहादूर, तांडेल म्हणाला, नेपाळचा.
सिस्टरनं बांधलंय, पुढचं तिच्या हातात नाही.
गाडी पलीकडे उभी आहे, धोपाव्याला.

धक्क्यावर पाटी आहे, रुग्णास प्रथम वगैरे.
खाऱ्या वाऱ्यानं अर्धी अक्षरं खाल्लीत.
सारंगानं पाटी वाचली नाही, ओहोटीही बघितली नाही,
बोट चिखलात घुसवली आणि ओरडला, उचला!

ते जाड बूट घोट्यापर्यंत गाळात गेले.
ह्यूस्टननं खांदे धरले, लीड्सनं पाय,
दुखरा गुडघा वाकवून.
तांडेल मागून विचारत राहिला,
तिथे आधार मागतील, याच्याकडे नाही,
नातेवाईक म्हणून कुणाचं नाव सांगू?
माझं सांग, अश्फाक म्हणाला. बाही वर सरकली होती त्याची.
पोरानं डोळे उघडून त्या फुगलेल्या शिरेकडे पाहिलं.

बोट मध्यावर गेली तेव्हा वारा इकडचा होता,
तरी तुकडे ऐकू आलेच:
...पण कर कोण भरणार...
...तू आधी हात वर धर त्याचा...

त्यांची गाडी इथेच राहिली, दिवे लुकलुकत.
मी वही उघडली. फेरी चौदावी.
प्रवासी: सहा, येशी धरून. वाहन: नाही.
तिकिटं: फाडली नाहीत.
पैसे: येणे.
कोणाकडून, ते लिहायला रकाना नाही.